मामा येईपर्यंत घरी यायचं नाही

सुकन्याच्या वाजवण्याबद्दल तिच्या सासूबाईंची, लंकाबाईंची, एकच तक्रार होती, आणि पिठाच्या डब्याचं झाकण उघडलं की पिठाआधी ती बाहेर यायची. "वाजीव बाई, वाजवायचं तर. पण एक तरी गाणं पुरं कर."

तक्रार अगदीच खोटी नव्हती. राहुरीजवळच्या वस्तीवरचं ते घर. हॉलमध्ये दिवाणाशेजारी सुकन्याने माहेरून आणलेला कीबोर्ड मांडलेला. दुपारी लेक राजनंदिनी झोपली की सुकन्या आवाज बारीक करून त्याच्यासमोर बसायची, आणि वाजायचं ते ओळखीचं वाटता वाटता अनोळखी व्हायचं. एखादी ओळ अशी घराकडे यायची की लंकाबाईंना वाटायचं, आली, आता टेकली. नेमकी तेव्हाच ती मागच्या दाराने सटकून परत रानात.

"हे कुठलं गाणं?"

"गाणं नाही आई. गाण्याच्या खालचं आहे."

"मंग वरचं कवा वाजिवनार?"

सुकन्या जॅझ शिकत होती, आणि जॅझमध्ये वरचं जागच्या जागी रचायचं असतं. ते खुद्द सुकन्यालाच अजून जमत नव्हतं, तर सासूबाईंना काय सांगणार?

शिकवणारे रंगनाथ सर नगरचे. चर्चमध्ये ऑर्गन वाजवण्यात त्यांचा जन्म गेला, पण तरुणपणी ते मुंबईच्या हॉटेलांत पियानो वाजवत होते आणि तिथलं जॅझ त्यांच्या बोटांतून कधी उतरलंच नाही. सुकन्या लहानपणी त्यांच्याकडे जायची तेव्हा अर्धा तास भक्तिगीत सरळ वाजवून झालं की सर दार लोटून घ्यायचे आणि म्हणायचे, "आता याला जरा बिघडवू." लग्न झालं, मूल झालं, आणि आता शिकवणी फोनवर आली. ग्राइप वॉटरच्या बाटलीला टेकवलेल्या फोनमध्ये सरांचं कपाळ आणि त्यांच्या छताचा पंखा दिसे. फोन खाली करा म्हटलं की थोडा वेळ हनुवटी दिसे, मग पुन्हा पंखा.

"हे बघ," पंखा म्हणायचा, "कांद्याला पाणी देताना पाहिलंयस ना? एक वाफा भरला की दारं मोडायचं, पाणी पुढच्या वाफ्यात. कॉर्ड, एकदम दाबलेले चार सूर, म्हणजे वाफा. डावा हात वाफे आखतो. उजव्या हातातलं पाणी तुझं, हवं तसं खेळव. पण वाफा बदलला की ते त्या पाण्यात ऐकू आलं पाहिजे. तू काय करतेस? सगळ्या रानात एकच पाणी सोडतेस. कालवा फुटल्यासारखं."

"म्हणजे नेमकं काय वाजवू सर?"

"प्रत्येक कॉर्डचा तिसरा सूर आणि सातवा सूर. हे दोन धरलेस की कॉर्डचा चेहरा दिसतो. आणि गंमत अशी, की सातवा अर्धं पाऊल खाली उतरला की बहुतेक वेळा पुढच्या कॉर्डच्या तिसऱ्यावरच येतो. तेच तुझं दारं. तिथूनच पाणी जातं."

सुकन्याला हे सगळं समजत होतं. समजण्यात ती कॉलेजातही पहिली होती. अडचण वेगळीच होती. गॅस बंद केला का हे पाहायला दोनदा परत जाणारी बाई ती, सुरालाही पाहायला परत जायची. बरोबर वाजला ना? बरोबर वाजला. तेवढ्यात पुढचा वाफा येऊन निघूनही गेलेला असे.

"मागे बघू नकोस," सर म्हणायचे. "पुढच्या दारावर नजर ठेव. असं कर, डावा हात मांडीवर ठेव. नुसत्या उजव्याने वाजव. घरातल्या कुणाला तरी, ज्याला यातलं काही कळत नाही अशा माणसाला, न सांगता कळलं ना की इथं वाफा बदलला, तर तू पास."

सुकन्याने मनातल्या मनात घर धुंडाळलं. नवरा वाल्मिक कृषी विद्यापीठात बियाण्यांच्या विभागात होता. चांगला माणूस, पण काहीही वाजलं तरी "छान" म्हणायचा. एकदा मिक्सरलाही म्हणाला होता. सासरे संध्याकाळी बातम्या लावत आणि बातम्यांसमोरच झोपत. राहिल्या लंकाबाई. तिने एकदा धीर करून त्यांना वाफ्यांचं सांगून पाहिलं.

"वाफ्याचं नाव नको काढू," लंकाबाई लसूण सोलत म्हणाल्या. "परवा तुला पानी धरायला लावलं तर निम्मा कांदा वाहून गेला."

ते खरं होतं. त्या दिवशी राजनंदिनी बांधावर बसली होती आणि सुकन्याची नजर पाण्यावर नव्हतीच. राजनंदिनी नुकती चालायला लागलेली. तिच्या तोंडात काय जाईल, हात कुठे अडकेल, हे सुकन्याला राजनंदिनीच्या आधी कळायचं. शर्टाचं सैल झालेलं बटण, दिवाणाखालचा शेंगदाणा, तापलेल्या तव्याची मूठ. पोरीची मान वळायच्या आत आईचा हात तिथे असायचा. वस्तीवरच्या बायका म्हणत, हिच्या पोरीला आपटायची हौस कधी फिटायचीच नाही.

तर अशात नणंदेचं, सुरेखाचं, लग्न ठरलं. पाहुणे येणार, हॉलमध्ये जागा लागणार. लंकाबाईंनी एकदा दिवाणाकडे आणि एकदा कीबोर्डकडे पाहिलं, आणि न्याय केला.

"सुकन्ये, सुरेखाच्या लग्नात मंगलाष्टकं तू वाजीव. चार पावन्यांनी चांगलं म्हनलं तर हे तुझं इथंच राहील, मी शबूद काढनार न्हाई. न्हाई तर बाबाजानला देऊन टाकू. त्याच्या बँजो पार्टीत कुनाच्या तरी उपयोगी तरी पडंल."

सुकन्याने वाल्मिककडे पाहिलं.

"छान," वाल्मिक म्हणाला, आणि मग बायकोच्या चेहऱ्याकडे पाहून, "म्हणजे बघू," म्हणाला.

*

बँजो पार्टीवाले बाबाजान लग्नाच्या आधी घरी आले तेव्हा कीबोर्डभोवती एक चक्कर मारून गेले. म्हैस बघायला आलेला माणूस मारतो तशी.

"ताई, मला एकच सांगा," ते म्हणाले. "आमी वाजवायचं कधी? मागच्या सीझनला नेवाशाकडं एका लग्नात कुणीतरी माशी मारायला हात हलवला, आमच्या पोरांनी ढोल मारला, आन् नवरा-नवरीनं हार घातले. एक अष्टक बाकीच हुतं. तवापासून मी कुणाच्या हाताकडं बघत नाही."

"शेवटी मी घरची कॉर्ड वाजवीन. ती ऐकली की सुरू करा."

"घरची म्हणजे?"

सुकन्याने आधी अधांतरी ठेवणारी कॉर्ड वाजवली, आणि मग घरची. बाबाजान डोळे मिटून ऐकत होते.

"हां. पोट भरल्यासारखं वाटतंय. पहिल्यात नुसता वास येत हुता." त्यांनी डोळे उघडले. "म्हणजे वासावर आमी गप बसायचं."

"काही झालं तरी."

"शब्द दिला ताई. ताट आल्याशिवाय ढोल नाही."

*

लग्न नगर-मनमाड रस्त्यावरच्या मंगल कार्यालयात होतं. मुहूर्त टळून गेला होता, पण मुहूर्ताला लग्न लागलं तर पाहुण्यांनाच चुकल्यासारखं होतं, म्हणून त्याचं कुणाला काही नव्हतं. सुकन्या स्टेजच्या कडेला कीबोर्डमागे बसली. राजनंदिनीला तिने चुलत सासूबाईंच्या, भागूबाईंच्या, हवाली केलं होतं. सोबत सूचना दिल्या होत्या: अक्षता तोंडात घालू देऊ नका, समईजवळ नेऊ नका, फुग्यांचे दोरे बघा, नवरदेवाच्या मुंडावळ्या ती ओढते.

"आमी सा पोरं वाढवलीत," भागूबाई म्हणाल्या.

सुकन्याला त्यांतल्या दोघांच्या कपाळावरच्या खोका आठवल्या.

स्वागताचा माईक सुरू झाला. सरपंच, माजी सरपंच, सोसायटीचे चेअरमन, पुढच्या निवडणुकीला उभे राहणार असलेले आणि मागच्या निवडणुकीत पडलेले, सगळ्यांची नावं आदराने घेऊन झाली. आणि सगळ्यात शेवटी निवेदक म्हणाला, "तसेच मामा मंडळी."

या दोन शब्दांनी घात केला. मुलीचे मामा, म्हणजे लंकाबाईंचे थोरले भाऊ बिभीषणराव, गुलाबी फेटा बांधून पहिल्या रांगेत बसले होते. ते उठले, बाहेर गेले, आपल्या गाडीत बसले आणि काच वर केली.

बिभीषण मामांचं रुसणं साऱ्या भावकीला पाठ होतं, आणि ते काचेवर मोजलं जाई. काच पूर्ण वर म्हणजे कुणाशी बोलणं नाही. चार बोटं खाली आली म्हणजे ऐकून घेतील. अर्धी आली म्हणजे उत्तर देतील. सासरे आणि वाल्मिक लगबगीने बाहेर धावले.

इकडे गुरुजींना पुढचं लग्न नेवाशाला होतं. ते घड्याळाकडे पाहून म्हणाले, "अंतरपाट धरतो. अष्टकं सुरू करू, तोवर येतीलच मामा."

"सुरू करा," लंकाबाई म्हणाल्या. "पन माझा भाऊ पोरीच्या मागं उभा राहिल्याबिगर पाट खाली येनार न्हाई. ते आताच सांगते."

मुलीच्या मागची जागा मोकळी ठेवून लग्न सुरू झालं.

गुरुजी सुराला पक्के होते. भजनी मंडळात वाढलेले. कीबोर्डवरून सूर मिळाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही हा त्यांचा बाणा. पहिली दोन अष्टकं त्यांनी झकास म्हटली. सुकन्याची चाल सरळ होती आणि शेवट ठरल्याप्रमाणे अधांतरी. प्रत्येक 'सावधान'ला पाहुणे चिमूटभर अक्षता टाकत होते. तिसऱ्याच्या शेवटी मात्र सवयीचा हात घसरला. तिने चक्क घरची कॉर्ड वाजवली, भरगच्च, दोन्ही हातांनी.

निम्म्या मांडवाने मूठ रिकामी केली. नवरदेवाने हार उचलला. मागून ढोलावर एकच ठोका पडला आणि लगेच कुणाच्या तरी पाठीवर दुसरा. बाबाजानांनी आपल्या पोराला आवरलं होतं.

"अजून हाय, अजून हाय," कुणीतरी ओरडलं. नवरदेवाने हार खाली ठेवला. लंकाबाईंनी सुनेकडे असं पाहिलं की सुकन्याला आपला कीबोर्ड बाबाजानांच्या टेम्पोत, ताशाखाली दबलेला, स्पष्ट दिसला.

मग नात्यातल्या बायका उठल्या. आपल्याकडे प्रत्येक घरात एक तरी मावशी असते जिने स्वतः मंगलाष्टक रचलेलं असतं आणि ज्यात दोन्ही घरांतल्या सगळ्यांची नावं बसवलेली असतात. इथे तशा तीन निघाल्या. पहिली मावशी वरच्या सुरात सुरू झाली आणि चुलत्यांच्या नावांपर्यंत येता येता खाली उतरली. दुसरी खालून निघाली आणि भावनेच्या भरात वर चढली. तिसरीला सूरच नव्हता, तिच्याजवळ जोर होता. सुकन्या प्रत्येकीच्या मागे धावत होती, आणि दर वेळी, बरोबर लागलं का हे पाहायला मागे वळली की मावशी पुढे गेलेली असे.

वाल्मिक दारात दिसला. त्याने आईकडे पाहून हाताने दाखवलं: काच अजून वर.

मावश्या संपल्या. गुरुजींनी शेवटच्या अष्टकासाठी घसा साफ केला आणि सुरासाठी सुकन्याकडे पाहिलं. अंतरपाट धरणाऱ्या दोघांचे हात भरून आले होते. पाट इतका खाली झोळला होता की सुरेखा आणि नवरदेव एकमेकांकडे बघून निवांत हसत होते. लंकाबाई गर्दीतून स्टेजच्या पायरीपाशी आल्या. त्यांनी उजवा हात पुढे केला आणि गोल फिरवला, पिठलं ढवळताना फिरवतात तसा. ढवळत राहा. लागू देऊ नको.

सुकन्याने मान हलवली आणि वाजवायला लागली.

गुरुजींना वाटलं, सूर आता येतोय. तो येत होताच. दोन कॉर्ड घराच्या दिशेने आल्या, गुरुजींनी तोंड उघडलं, आणि चाल दारावरून वळून शेजारच्या घरात शिरली. गुरुजींनी तोंड मिटलं. चाल शेजाऱ्यांकडून निघाली, आणखी एका घरी टेकली, परत रस्त्याला लागली. आता येतेय. गुरुजींनी श्वास घेतला. पुन्हा वळण.

"काय चाललंय हे?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

"सूर शोधतेय गुरुजी," सुकन्या म्हणाली.

नेमकी याच वेळी भागूबाईंना काच स्वतःच्या डोळ्यांनी बघावीशी वाटली. सहा पोरं वाढवलेल्या त्या बाईने राजनंदिनीला पहिल्या रांगेत एका खुर्चीवर ठेवलं आणि त्या बाहेर गेल्या. खुर्चीवर ठेवलेली राजनंदिनी किती वेळ खुर्चीवर राहील, हे सगळ्या मांडवात एकाच माणसाला माहीत होतं, आणि तिचे दोन्ही हात अडकलेले होते.

राजनंदिनी उतरली. रांगत, चालत, पुन्हा रांगत स्टेजवर आली. खाली कुंकवाने लाल झालेल्या अक्षता पसरल्या होत्या. एवढा खाऊ एके ठिकाणी तिने जन्मात पाहिला नव्हता. पहिली मूठ तोंडाकडे निघाली तेव्हा सुकन्याचा डावा हात कीबोर्डवरून सुटला, पोरीच्या कमरेत गेला आणि तिला उचलून थेट मांडीवर घेऊन आला.

सर म्हणाले होते, डावा हात मांडीवर ठेव. मांडीवर आता डावा हात होता, आणि हातात लाथा झाडणारी मुलगी.

खालचे सूर एकदम गेले. मांडवात पोकळी झाल्यासारखी झाली. बाबाजानांनी मान वर केली. गुरुजी एक पाऊल पुढे सरकले. आता रानात आखलेले वाफेच नव्हते, फक्त उजव्या हातातलं पाणी होतं, आणि कुठला वाफा कुठे संपतो ते त्या पाण्यानेच सांगायला हवं होतं.

राजनंदिनीची नजर कीबोर्डच्या वायरीवर गेली. सुकन्याने गुडघा वळवला. नजर समईकडे गेली. सुकन्याने खुर्ची तिरकी केली. नजर गुरुजींच्या उपरण्याच्या टोकावर गेली, आणि हात निघायच्या आत सुकन्याचं कोपर मध्ये आलं होतं. पोरीच्या पुढे राहण्यात ती इतकी गुंतली की आताचा सूर बरोबर लागला का हे पाहायला परत जायला तिला फुरसतच मिळाली नाही. उजवा हात एकटा चालला होता. तिसऱ्यावर टेकत होता, सातव्यावर थांबत होता, अर्धं पाऊल उतरून पुढच्या वाफ्यात शिरत होता. मध्ये हवं तसं खेळत होता, पण प्रत्येक दारावर वेळेवर हजर होता. आणि घरापाशी आला की वळत होता.

पाहुण्यांपैकी कुणालाही यातलं काही कळलं नाही. पण पंगतीत जागा धरायला निघालेले लोक थांबले. आता येतंय, आता येतंय, असं प्रत्येकाला वाटत होतं, आणि उरल्यासुरल्या अक्षता धरलेले हात हवेतच राहिले होते.

भागूबाई दारातून ओरडल्या, "अर्धी आली खाली."

मांडवाने माना मागे वळवल्या.

"कुनाशी बोलत्यात?" लंकाबाईंनी विचारलं.

"वाल्मिकशी. फेटा सारखा करत्यात."

फेटा सारखा करणं म्हणजे उतरायची तयारी. सुकन्याने चाल अजून एक फेरा बाहेर नेली. मामा दारात आले. पण बिभीषणराव सरळ स्टेजकडे आले असते तर ते बिभीषणराव कसले. त्यांनी दारातल्या सोयऱ्यांना रामराम केला. पाणी वाटणाऱ्याकडून पाणी घेतलं. निवेदकाने चूक सुधारली: "मुलीचे आदरणीय मामा श्रीयुत बिभीषणराव यांचं आगमन होत आहे." मामा थांबले आणि कानाला हात लावला. वाजवण्यात त्यांना नीट ऐकू आलं नव्हतं. निवेदकाने पुन्हा म्हटलं, 'सन्माननीय' हा शब्द वाढवून. मग मामा निघाले.

ते भाचीच्या मागे उभे राहिले. लंकाबाईंचा फिरणारा हात थांबला.

सुकन्याने गुरुजींना नुसता एक सूर दिला, कॉर्ड नव्हे. बाबाजानांना दिलेला शब्द तिच्या लक्षात होता. गुरुजींनी तो सूर असा पकडला, जणू नेवाशाची शेवटची एसटी. शेवटचं अष्टक त्यांनी एका दमात म्हटलं. 'सावधान' झालं. सुकन्याचा उजवा हात उतरला, अर्धं पाऊल, आणि घरी आला.

त्याच क्षणी राजनंदिनीचा हात सुटला आणि तिने तळव्याने खालच्या सहा-सात पट्ट्या एकदम दाबल्या. ढम्म असा आवाज झाला. मांडव थबकला. बाबाजानांनी प्रश्नार्थक भुवया वर केल्या. सुकन्याने ठामपणे 'हो' अशी मान डोलावली.

ढोल वाजले, पाट खाली आला, हार पडले. अक्षता बऱ्याच जणांच्या संपल्या होत्या. त्यांनी रिकाम्याच मुठी उघडल्या आणि आशीर्वाद दिले.

*

पंगतीत निकाल लागला. नवऱ्याकडची एक वयस्क बाई लंकाबाईंना म्हणाली, "तुमची सून पोर मांडीवर घिऊन वाजवीत हुती का वो? आमच्या सुना पोर मांडीवर घिऊन जेवत सुदिक न्हाईत." हे चांगलं धरायचं का, यावर लंकाबाईंनी थोडा विचार केला आणि धरलं.

बाबाजान सुकन्यापाशी येऊन म्हणाले, "ताई, शेवटी घर आलं, पण घरात पाहुणे लई झाले हुते." कीबोर्डकडे मात्र त्यांनी या वेळी बघितलं नाही.

शेवटचा कौल मामांनी दिला. जिलेबीचा तुकडा मोडत ते सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "मी आत येईस्तवर सुनबाई थांबली नाही. एवढा मान मला आजवर कुनी दिला न्हवता. काय वाजवीत होती, समजलं न्हाई. पन माझ्यासाठी वाजवीत होती, ते समजलं."

लंकाबाईंनी सुनेकडे पाहिलं. सुनेने ताटाकडे.

"ऱ्हाऊ दे मंग हालमधीच," लंकाबाई म्हणाल्या.

कीबोर्ड दिवाणाशेजारीच राहिला. लंकाबाईंनी त्याला क्रोशाचं आच्छादन घातलं आणि त्यावर दुधाची बाटली ठेवायची नाही असा नियम केला. भावकीत कुणाचं लग्न निघालं की त्या सांगू लागल्या, रुसनारं कोन असंल तर आमच्या सुनेला घिऊन जा, ती दम धरती. यातून काही नवीन भानगडीही निघाल्या. दुसऱ्यांच्या लग्नात वाजवलं तेवढा वेळ आपल्याकडच्या लग्नात का नाही वाजवलं, म्हणून एक आत्याबाई रुसल्या.

मग एका दुपारी राजनंदिनी झोपली होती. सुकन्याने डावा हात मांडीवर ठेवला आणि एकट्या उजव्याने सुरू केलं. फोन बंद होता. पंखासुद्धा बघत नव्हता. लंकाबाई उंबऱ्यात बसून लसूण सोलत होत्या.

चाल एका कॉर्डवरून दुसरीवर गेली.

"गेलीस का दुसऱ्या वाफ्यात?" लंकाबाई मान वर न करता म्हणाल्या.

सुकन्याचा हात थांबला. "काय म्हणालात आई?"

"मघाचा निम्मा कोरडाच ठिवलास, अन् दारं मोडलं. तुझं पानी आसंच."

सुकन्याने पुन्हा पहिल्यापासून घेतलं. या वेळी थांबली, खेळली, सातव्यावर टेकली, आणि वाफा भरला तेव्हाच उतरली.

"हां," लंकाबाई म्हणाल्या, आणि पुढची पाकळी सोलायला घेतली.